परांचीचा हात

मी एक जुना लोखंडी पाइप आहे. पाइप म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी काहींनी नळाकडे बघितलं असेल. बघू नका. माझ्यातून आजवर पाण्याचा एक थेंबही वाहिलेला नाही. मी परांचीचा पाइप आहे. इमारत बांधताना किंवा रंगवताना तिच्याभोवती पाइप आणि फळ्यांचा जो सांगाडा उभा करतात, ज्याच्यावर उभे राहून गवंडी गिलावा करतात आणि रंगारी रंग देतात, ती परांची. मित्रांनो, तुमच्या शाळेची सगळ्यात वरची खिडकी आठवा. तिथपर्यंत कोणाचा तरी हात पोहोचला, म्हणून ती खिडकी तिथे आहे. आणि तो माणूस तिथे पोहोचला तो आमच्या खांद्यावर उभा राहून. तुम्ही म्हणाल, हा पाइप बढाया मारतो. थोड्या मारतो, पण खोट्या मारत नाही.

माझा जन्म पोलादाच्या कारखान्यात झाला. तिथे मी आधी एक लांबलचक पट्टी होतो. मला रुळांमधून दाबत दाबत गोल केलं, कडेला कड जोडली आणि गंज चढू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढलं. बाहेर आलो तेव्हा असा लखलखत होतो, की माझं मलाच कौतुक वाटलं. आमच्यातले काही भाऊ जिन्याचे कठडे झाले. त्यांना रोज कोणीतरी फडक्याने पुसतं म्हणे. एक तर झेंड्याचा खांब झाला आणि तेव्हापासून आमच्याशी बोलेनासा झाला. मलाही उंच व्हायची फार हौस होती. पण कारखान्यातली करवत माझ्यावर फिरली आणि मी निघालो आखूड. माणसाच्या उंचीपेक्षा जरासा जास्त, बस्स. उभ्या पाइपांच्या ढिगाशेजारी मला ठेवलं, तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले.

आमच्या मालकाला सगळे ठोकेमामा म्हणत. त्यांचं खरं नाव त्यांच्या घरच्यांना ठाऊक असेल. अंगाने बारीक, आवाजाने मोठे आणि कमरेला कायम एक पाना लटकवलेला. परांची बांधून झाली की मामा तळापासून वरपर्यंत जात आणि प्रत्येक जोडावर, म्हणजे दोन पाइप एकत्र आवळणाऱ्या लोखंडी पकडीवर, पाना ठोकून कान देत. घट्ट जोडाचा आवाज कोरडा येतो, सैल जोड खुळखुळतो. शेवटचा जोड ठोकून झाला की ते वरूनच ओरडत, "चढा!" हा शब्द ऐकल्याशिवाय त्यांच्या परांचीवर कोणी पाय ठेवायचा नाही, मग तो गवंडी असो, कंत्राटदार असो नाहीतर कंत्राटदाराचा सासरा असो. हे सकाळी एकदा व्हायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. लोक चेष्टा करायचे, "मामा, आम्ही जेवेपर्यंत परांची काय पळून जाणार आहे?"

"परांची पळत नाही रे," मामा म्हणायचे, "माणसं उद्योग करतात."

माझं काम मला पहिल्याच इमारतीवर कळलं. मामांनी मला उचललं, आडवं धरलं आणि खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून माझं एक टोक खोलीत घातलं. आत खिडकीला आडवा, भिंतीला टेकवलेला दुसरा एक पाइप होता, त्याला मला बांधलं. बाहेरचं टोक परांचीच्या उभ्या पाइपाला बांधलं आणि जोड आवळले. मला जरा वाईटच वाटलं. अर्धा घरात, अर्धा बाहेर, ही काय जागा झाली? तेव्हा मामांबरोबर त्यांची लेक आली होती. ती रंगारीण होती, मोठमोठ्या भिंतींवर चित्रं काढायची. तिने विचारलं, "बाबा, हा मधेच आडवा कशाला? येता जाता डोक्याला लागेल ना!"

"हा परांचीचा हात आहे, पोरी," मामा म्हणाले. "उभे पाइप भार जमिनीवर नेतात. पण नुसतं उभं राहून भागतं का? वारा ढकलतो, माणसं हलतात. ह्याने भिंतीचा हात धरलाय, म्हणून परांची उभी आहे. हा सुटला की कितीही तगडी असली तरी ती झोकांडी खाते."

मित्रांनो, ते ऐकून माझी छाती फुगली. पाइपाला छाती नसते हे मला ठाऊक आहे, पण दुसरा शब्द सुचत नाही. उभे पाइप त्यानंतर मला हसले नाहीत.

मग वर्षानुवर्षं मी हात धरत गेलो. किती इमारतींचे हात धरले ते मी मोजलं नाही. एका नाट्यगृहाचा घुमट, एका बाजारपेठेची लांबलचक भिंत, पिठाच्या गिरणीची चिमणी. गिलाव्याचे शिंतोडे अंगावर वाळायचे. काम संपलं की मामा तारेच्या ब्रशने ते घासून काढायचे आणि जोडांना तेल द्यायचे. मात्र इमारत पूर्ण झाली की लोकांना आमचं तोंड नको असायचं. "हे लोखंड कधी हलवताय?" असं मालक विचारायचे. गरज सरो, वैद्य मरो! एका ठिकाणी तर आम्हाला मागच्या अंगणात टाकलं आणि पावसाळाभर लोकांनी माझ्यावर पायपुसणी वाळत घातली. इमारतीचे फोटो निघतात ते आम्ही गेल्यावर. कुठल्याही फोटोत मी नाही. तरी त्या रस्त्यांवरून ट्रकमधून जाताना मी प्रत्येक इमारत ओळखतो, आणि आम्ही पाइप एकमेकांवर खणखण आपटून तिला हाक मारतो. ट्रकवाल्याला वाटतं, रस्ता खराब आहे.

आता मी तुम्हाला जिराफाची गोष्ट सांगतो.

लहान मुलांसाठी एक नवं रुग्णालय बांधून झालं होतं. समोरच जुनं रुग्णालय होतं आणि आजारी मुलं अजून तिथेच होती. नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर जमिनीपासून गच्चीपर्यंत एक जिराफ काढायचा, असं ठरलं आणि ते काम मामांच्या लेकीला मिळालं. परांची अर्थातच मामांची. लेक एवढ्या उंच चढणार म्हटल्यावर मामांच्या जिवाला घोर लागला. खालचे पाय तू रंगव, मानेसाठी दुसरं कोणी बघू, असंही त्यांनी तिला सुचवून पाहिलं.

रंगारीण हसली. "बाबा, आयुष्यभर दुसऱ्यांची लेकरं वर चढवलीत. तेव्हा नाही भीती वाटली?"

"वाटली ना," मामा म्हणाले. "रोज वाटली. म्हणून तर ठोकत बसतो."

तिने ब्रश उचलले. ती वर गेली. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या खिडकीत, जिराफाच्या डोक्याशेजारी, मामांनी मला बांधलं होतं. तिच्या इतक्या जवळ मी तोवर कधी नव्हतो. काम करताना ती गुणगुणायची आणि ब्रश निथळायला माझ्यावर टेकवायची, त्यामुळे माझ्या पाठीवर पिवळे ओघळ आले होते. जिराफाचं अंग झालं, ठिपके झाले, कान झाले. डोळा तेवढा तिने राखून ठेवला होता. तिची ही रीतच होती. डोळा सगळ्यात शेवटी. ती म्हणायची, "एकदा डोळा काढला की प्राणी आपल्याकडे बघायला लागतो, मग त्याच्यावर ब्रश फिरवायला हात धजत नाही."

समोरच्या वॉर्डातली मुलं दिवसभर खिडकीला नाक लावून बसायची. तिथली नर्सबाई एकदा खालून ओरडून म्हणाली, "अहो ताई, डोळा कधी काढताय? इथे एक कार्टी औषध घेत नाहीये. म्हणते, जिराफ बघेल तेव्हाच घेईन!"

"उद्या दुपारी!" रंगारणीने वरून सांगितलं.

तो उद्याचा दिवस घाईचा उजाडला. दोनच दिवसांनी उद्घाटन होतं. गच्चीवर फरशी घासायचं काम सुरू झालं होतं आणि ती धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून परांचीवर बाहेरून हिरवी जाळी चढवली. मामांना ते आवडलं नाही. जाळी लावली की परांचीत वारा अडतो, शिडात अडतो तसा. सकाळी सगळ्यांना खाली गोळा करून त्यांनी बजावलं, "आज जाळी आहे. आज एकाही हाताला कोणी हात लावायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनी जोड ठोकले, "चढा" म्हणाले आणि काम सुरू झालं.

पण खिडक्यांना काचा बसवणारा काचवाला तेव्हा तिथे नव्हता. तो जेवणाच्या सुट्टीत, काचा घेऊन धापा टाकत आला. बाकीच्या खिडक्या उघडता येणाऱ्या होत्या आणि त्यांच्या काचा झाल्या होत्या, फक्त वरची एक, अख्ख्या बंद काचेची, राहिली होती, कारण तिच्यातून मी गेलो होतो. त्याने मामांना दोन हाका मारल्या. मामा इमारतीच्या मागे हात धूत होते. काचवाला वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. हसरा, कामाला वाघ. तो स्वतःशीच म्हणाला, "दहा मिनिटांचं तर काम आहे. काच बसवतो आणि हा परत लावून देतो."

त्याने माझे जोड सोडले, मला आत ओढलं आणि चौकटीत काच बसवली. अगदी फर्मास बसवली. मग मला उचललं, काचेपाशी आला आणि थांबला. आता मला बाहेर न्यायला वाटच उरली नव्हती! त्याने डोकं खाजवलं. शेवटी मला खोलीच्या कोपऱ्यात अलगद उभं केलं आणि माझे सगळे जोड शेजारी ओळीने मांडून ठेवले. काम नीटनेटकं होतं, पण परांचीचा वरचा हात सुटला होता.

नव्या काचेतून मला सगळं स्वच्छ दिसत होतं. सुट्टी संपली. मामा खालच्या टोकापासून जोड ठोकायला लागले होते. तेवढ्यात आभाळ भरून आलं. रंगारणीने डोळ्यासाठी तपकिरी रंग कालवून ठेवला होता, तो वाळायला लागला होता. समोरच्या खिडकीत नाकं चिकटली होती. तिने वर आभाळाकडे बघितलं, जोड ठोकणाऱ्या बाबांकडे बघितलं. सकाळी तर बाबांनी तपासलंय, असं तिला वाटलं असणार. नियम मोडायची सोय घरच्याच माणसाला आधी दिसते. "चढा" ऐकायच्या आधीच ती रंगाचा डबा घेऊन भराभरा वर आली.

मी ओरडत होतो, "उतर! मी जागेवर नाही! उतर!" पण पाइपाचं कोण ऐकतं? पाइप ठोकल्याशिवाय बोलत नाही, आणि मला ठोकणारे मामा अजून तळालाच होते. तेवढा असहाय मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

वारा अचानक आला. रस्त्यावरची धूळ उठली, पत्रे वाजले आणि हिरवी जाळी फुगली. माझ्या डोळ्यांदेखत उभा पाइप भिंतीपासून दूर गेला. वीतभर. मग परत आला, मग आणखी थोडा दूर गेला. खालच्या मजल्यांवरचे माझे भाऊ जिवाच्या आकांताने भिंत धरून होते, पण वरचा टप्पा मोकळा होता. रंगाचा डबा फळीवरून निसटला आणि खाली जाऊन फुटला. रंगारणीने दोन्ही हातांनी आडवा पाइप कवटाळला.

डब्याच्या आवाजाने मामांनी वर पाहिलं. भिंत आणि जाळी यांच्यामधल्या फटीतून त्यांना वरची खिडकी दिसली. तिथे माझं टोक दिसायला हवं होतं. तिथे काच चमकत होती.

"पोरी, खाली बस!" ते ओरडले. आवाज मोठा होता, पण त्यात घाबरगुंडी नव्हती. "पळू नकोस! पळालीस तर परांची हलेल. फळीवर बस आणि धरून ठेव!" मग बाकीच्यांना म्हणाले, "जाळी कापा! खालून सगळ्या दोऱ्या कापा!" आणि ते इमारतीच्या जिन्याकडे धावले.

काचवाला खोलीतच होता, खिडकीकडे पाठ करून हत्यारं पिशवीत भरत. मामा दारात आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. ते मला बघून जागीच थांबले.

"हा इथे काय करतोय?"

"मामा, तो काचेच्या मधे येत होता," काचवाला म्हणाला. "पण जोड सगळे नीट ठेवलेत बघा, एकही हरवला नाही."

मामांनी एका हाताने मला उचललं.

"अहो, काच! आत्ताच बसवली—"

खळ्ळ्! मित्रांनो, मी आयुष्यात मोडतोड केली ती एवढीच, आणि तिचा मला मनापासून अभिमान आहे. काच फुटली आणि वारा आत घुसला. तेव्हा काचवाल्याला बाहेर पाहावं लागलं. भिंतीपासून लांब जाणारी परांची आणि तिच्यावर बसलेली बाई त्याला दिसली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. क्षणभरच. पुढच्या क्षणी त्याने भिंतीलगतचा आडवा पाइप उचलून खिडकीला आतून टेकवला आणि माझं शेपूट त्याला बांधायला घेतलं. मामा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले. उभा पाइप दूर गेला होता. ते थांबले. तो परत आला, तसा त्यांनी त्याला धरला, माझं टोक त्याला भिडवलं, जोड बसवला आणि पाना फिरवला.

तेवढ्यात दुसरा झोत आला, पहिल्यापेक्षा जोराचा. सगळी परांची माझ्यावर ओढली गेली. काचवाल्याने अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला, मामांनी जोड दोन्ही हातांनी दाबून धरला. खिडकीच्या कडेवर मी वाकलो. आतून काहीतरी करकरलं. मी मनात म्हटलं, वाकेन, पण सोडणार नाही. आणि नाही सोडलं. मग खालच्या दोऱ्या तुटल्या, जाळी फडफडत रस्त्यावर गेली आणि परांचीतून वारा नुसताच वाहून गेला.

मामांनी हात पुढे केला. रंगारीण खिडकीतून खोलीत आली.

"बाबा, मी 'चढा' ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "तरी चढले."

मामांनी पाना खाली ठेवला. ते काचांच्या चुऱ्याशेजारी मटकन बसले आणि तिचा हात धरून रडले. काचवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तो म्हणाला, "मामा, मला वाटलं, दहा मिनिटांचं काम."

"मला सांगायचंस," मामा डोळे पुसत म्हणाले. "शेजारच्या खिडकीतून मी आधी दुसरा हात दिला असता, मग हा काढून दिला असता. हात काढायला माझी ना नाही रे. एक धरल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, एवढंच."

संध्याकाळी वारा पडला. मामांनी शेजारच्या खिडकीतून आणखी एक हात दिला. मग तळापासून सगळे जोड ठोकत वर आले. काचवाला त्यांच्याबरोबर होता, प्रत्येक जोडाला कान देत होता. शेवटी मामांनी मला ठोकलं. मी वाकलो होतो, तरी माझा आवाज कोरडा आणि आखूड आला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही! मामांनी लेकीकडे पाहिलं. एरवी ते "चढा" असं अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणत. त्या दिवशी हळूच म्हणाले, फक्त तिला ऐकू येईल एवढं.

ती चढली. नवा रंग कालवून तिने जिराफाचा डोळा काढला, आणि समोरच्या खिडकीतून टाळ्यांचा पाऊस पडला. नर्सबाईने खूण करून सांगितलं, कार्टीने औषध घेतलं.

उद्घाटनाला मोठमोठी माणसं आली. सगळ्यांचे आभार मानले, परांचीचे राहिले. मी तेव्हा कोपऱ्यावरच्या ट्रकमध्ये पडून होतो आणि जिराफ थेट माझ्याकडे बघत होता. मला आणखी काय हवं होतं?

वाकलेला पाइप परत परांचीवर चढवायचा नाही, हा मामांचा नियम. कोणी म्हणालं, ठोकून सरळ करू. मामा म्हणाले, "वरून सरळ दिसेल, पण त्याच्या पोटात वाकणं राहील. ज्याने माझी लेक वाचवली, त्याच्या हातून दुसऱ्याची पाडायची नाही." मला थोडं लागलं. पण खरं सांगू, त्यांचं बरोबर होतं. आमच्या धंद्यात माया वेगळी आणि तपासणी वेगळी. रंगारणीने माझ्या अंगावर जिराफाच्या पिवळ्या रंगाचा एक पट्टा ओढला. तेव्हापासून मामांच्या परांचीच्या प्रत्येक हाताला पिवळा पट्टा असतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी काचवाला स्वतः सांगतो, पिवळ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याच्याइतकं कळकळीने ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

आणि मला? मला त्यांनी दोन तारांनी टांगलं. आता जिथे परांची बांधतात, तिथे सगळ्यात आधी मला फाटकाशी टांगतात. सगळे जोड तपासून झाले की मला पान्याने ठोकतात. मी वाजलो, म्हणजे "चढा". मला उंच व्हायचं होतं, ते राहिलंच. पण माझ्या परवानगीशिवाय आता कोणी उंच जात नाही.

मित्रांनो, एक मागणं आहे. रस्त्याने जाताना परांची दिसली तर ती अडचण समजून नाक मुरडू नका. तिच्यातलं काही गंमत म्हणून सोडू नका, तिला लटकू नका. आणि मोठे झालात, कुठल्याही कामात एखादा आधार काढावा लागला, तर आधी दुसरा द्या.

परवाचीच गोष्ट. मामा आता थकलेत, कारभार लेक बघते. तरी ते सकाळी सकाळी काम बघायला आले. ती वर जोड ठोकत होती. मामांना राहवेना. जुनी सवय. त्यांनी शिडीला हात घातला आणि पाय उचलला.

"बाबा!" वरून आवाज आला. "पाय खाली! अजून वाजलेलं नाही!"

सगळे कामगार खो खो हसले. मामांनी निमूटपणे पाय खाली घेतला आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की एवढा अभिमान मी त्यांच्या तोंडावर कुठल्याही इमारतीपुढे पाहिला नव्हता. वर शेवटचा जोड वाजला. रंगारीण खाली आली. तिने कमरेचा पाना काढला, मामांचाच जुना पाना, आणि मला ठोकलं.